उतरलेलं फळ

आमच्या मशीननं गाळलेल्या पाण्याचा ग्लास उजेडात धरून मी पुढचं वाक्य बोलणार, एवढ्यात सुहासिनी मॅडमनी विचारलं, “वाघळांसाठी काही आहे का हो तुमच्याकडे?” गिऱ्हाईक काय काय विचारू शकतं आणि त्यावर काय बोलायचं, हे आमच्या कंपनीनं ट्रेनिंगमध्ये घोकवून घेतलं होतं. महाग आहे म्हणालं तर. मिस्टर घरी नाहीत म्हणालं तर. आम्ही उकळून पितो म्हणालं तर. वाघळांचं नव्हतं. मी हसून घेतलं. हसून घ्यावं हे ट्रेनिंगमध्ये होतं. त्याआधी मी त्यांच्या नळाच्या पाण्यात दोन तारा सोडून पाणी तपकिरी करून दाखवलं होतं आणि चेहरा गंभीर केला होता. पाणी तपकिरी का होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, चेहऱ्याचं मात्र नीट सांगितलं होतं. विजयनगरमधल्या बायका त्या चेहऱ्याला घाबरत. मॅडम घाबरल्या नाहीत. त्या मूळच्या पुण्याच्या, इकडे हिंदी मुलखात आलेल्या. नवरा पीथमपूरला कारखान्यात इंजिनीअर, त्या स्वतः कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांनी तारांकडे बघून म्हटलं, “लोखंडाच्या आहेत ना? मग तो गंज आहे.” मी “हो मॅडम” म्हणालो. नोकरी लागल्यापासून कुणाच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच खरं बोलत होतो, आणि ते इतकं सोपं निघालं की थोडं वाईटच वाटलं.

त्यांनी मला मागच्या दारी नेलं. तिथं पेरूचं एक झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना जुनी मच्छरदाणी गुंडाळलेली होती, जशी आजारी माणसाला शाल गुंडाळतात. खाली एक पेरू पडला होता. त्याला एका बाजूनं दातांच्या बारीक खुणा होत्या आणि शेजारी चोथ्याची चपटी गोळी. त्या पेरूकडे बघताना मला काय वाटलं ते विचित्र होतं. नातेवाईक अचानक परक्या घरी भेटावा तसं वाटलं. मी वाकून तो उचलणार होतो. “हं, हात नका लावू,” मॅडम म्हणाल्या आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यानं तो उचलून खड्ड्यात टाकला. मग त्यांनी मला शिकवलं. सवयच असते त्यांना. वाघूळ वाईट प्राणी नाही. जंगलं लावतं ते. पण त्याच्या अंगात काही विषाणू निवांत राहतात, त्याला त्यांचा काही त्रास होत नाही. लाळेतून, मुतातून फळावर उतरतात. तिकडे मलेशियात दोन-तीन वर्षांमागं जंगल तुटलं, वाघळं वस्तीजवळ आली, फळबागेखाली डुकरं पाळलेली होती, त्यांनी वरून पडलेली फळं खाल्ली, डुकरांकडून माणसांना गेलं. मेंदूचा ताप. माणसं गेली.

“आपल्याकडे असं काही झालंय असं नाही म्हणत मी,” त्या म्हणाल्या. “चावलेलं फळ उचलायचं नाही, इतकं केलं तरी पुष्कळ. लोक काय करतात, झाड तोडतात, धूर करतात. मग तीच वाघळं चार ठिकाणी पांगतात.”

“आणि मॅडम, समजा कोणी खाल्लंच, तर?”

“बहुतेक वेळा काही होत नाही.”

“बहुतेक.”

“ताप आलाच तर डॉक्टरांना सांगायचं, असं असं फळ खाल्लंय म्हणून. ते आपणहून नाही विचारणार. का हो?”

“काही नाही मॅडम, असंच. जनरल नॉलेज.”

बाबांना तीन दिवसांपासून ताप होता.

मशीन त्यांनी घेतलं नाही. मी ते लुनाला बांधलं आणि निघालो, आणि राजवाड्यापाशी गर्दीत अडकलो. पुढे हातगाडी, मागे टेम्पो, बाजूला एक भिया दुसऱ्या भियाला अत्यंत प्रेमानं शिव्या देत होता, आणि मी त्या उन्हात उभा राहून ‘बहुतेक’ हा शब्द तोंडात घोळवत होतो. मला आठवत होती आमची सकाळ. आम्ही मिलच्या चाळीत राहायचो, अजूनही तिथंच राहतो, फक्त मिल राहत नाही. चाळीची मागची भिंत म्हणजेच मिलची भिंत. भिंतीपलीकडे बॉयलरचं पाणी निवायला सोडायचा हौद होता आणि हौदाकाठी अर्जुनाची उंच झाडं, त्यांच्या काही फांद्या भिंत ओलांडून आमच्याकडे आलेल्या. त्या झाडांवर वाघळं टांगलेली असत, दिवसभर, काळ्या छत्र्या वाळत घातल्यासारखी. उन्हाळ्यात ती एका पंखानं स्वतःला वारा घालत. शेकडो वाघळं, सावकाश, एकसारखी. आणि खाली चाळीतल्या बायका पदरानं. संध्याकाळचा भोंगा झाला की दिवसपाळी बाहेर पडायची, गेटमधून माणसं आणि झाडांवरून वाघळं, आणि जाताना एकेक वाघूळ खाली येऊन हौदाच्या पाण्याला पोट लावून वर जायचं. माझी बरेच दिवस अशी समजूत होती की तीही मिलमध्येच कामाला आहेत, आणि त्यांना रात्रपाळीच मिळते कारण त्यांची कुणाशी ओळख नाही.

पण सकाळ. सकाळ त्यांनी आणलेल्या मालाची. मिलच्या पलीकडच्या टोकाला मॅनेजर अप्पासाहेबांचा बंगला होता आणि त्याला बाग होती. चिकू, पेरू, रामफळ. त्या बागेत आम्हाला प्रवेश नव्हता, कुत्र्याला होता. वाघळं मात्र रात्री जात, फळ तोंडात धरून आपल्या झाडावर आणत आणि निवांत बसून, म्हणजे लटकून, खात. वाघूळ नीट जेवत नाही. चार घास घेतं, भांडतं, आणि भांडताना फळ सुटतं. ते आमच्याकडे पडायचं. मालकाच्या बागेतला माल कामगाराच्या दारात पोचवणारी अशी व्यवस्था मी पुढे कुठल्याही सरकारच्या काळात बघितली नाही. आई पहाटे झाडू घेऊन मागच्या गल्लीत जायची आणि ओच्यात दोन-चार फळं घेऊन यायची. बंब पेटलेला असायचा, त्याच्या धुराचा वास, ओल्या मातीचा, आणि त्या फळांना एक वेगळाच वास, गोड आणि उग्र, बंद पेटीतल्या जुन्या लोकरीसारखा. आई विळीवर दातांची बाजू काढून टाकायची, उरलेलं पाण्याखाली धरायची आणि वाटे करायची. त्या फळाला ती ‘उतरलेलं’ म्हणायची. “आज रामफळ उतरलंय,” असं, जसं काही ते विमानानं आलंय. असा चिकू मी नंतर विकत घेऊन खाल्ला नाही, म्हणजे घेतला पुष्कळदा, तसा निघाला नाही. वाघूळ कच्च्याला तोंड लावत नाही.

आता यात गंमत अशी की आमच्या घरात उष्टं चालत नव्हतं. चालत नव्हतं हे फारच सौम्य झालं. चहाचा कप कुणी अर्धा ठेवून उठला तर तो मोरीत जायचा, पिणारा सख्खा काका का असेना. माझ्या ताटातला घास बाबांनी कधी उचलला नाही; तो मलाच संपवायला लावला, डोळे वटारून. कारण आजोबा. आजोबा गाव सोडून महूच्या छावणीत पलटणीत भरती झाले, ते काही पराक्रम करायला नव्हे. गावात सणाच्या दुसऱ्या दिवशी घरोघरचं उरलंसुरलं टोपलीत मागून आणायचं काम त्यांच्या आईकडे होतं. एकदा त्या टोपलीत पुरणपोळी निघाली आणि तिला कुणाच्या तरी दातांची खूण होती. नीट, अर्धगोल. आजोबा ती पोळी बराच वेळ बघत बसले आणि मग उठून चालायला लागले, ते थांबले महूला. आमचं सगळं घराणं, पलटण, पेन्शन, बाबांची मिलमधली नोकरी, माझं बी.कॉम., एका पोळीवरच्या दातांपासून निघालेलं आहे. तो शब्दसुद्धा घरात शिवीसारखा होता: सगळ्यांना येत होता, कुणी काढत नव्हतं. आणि रोज सकाळी आम्ही दातांच्या खुणा असलेली फळं खात होतो. यात काहीतरी जुळत नाही, हे मला दहाव्या वर्षी कळलं. आणि ते विचारू नये, हे त्याच क्षणी.

अप्पासाहेबांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यावरून हातगाडी आली. पातेल्यांत पुऱ्या, पाकातली मावाबाटी, घट्ट झालेली बासुंदी. चाळीला आनंद वाटावा म्हणून पाठवली होती, आणि आम्हा पोरांना तो वाटायलाही लागला होता. बाबा विव्हिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते, आवाज करघ्यांवर, मागांच्या खडखडाटावर चढवायची सवय, पण त्या दिवशी ते ओरडले नाहीत. ते आणि आमच्यातली आणखी काही माणसं चाळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, हात मागं बांधून. गाडीवाला म्हणाला, “ले लो भिया, ताजा है, रात का ही है.” कुणी हात पुढे केला नाही. माशांनी मात्र घेतलं. गाडीवाल्यानं घाम पुसला, गाडी वळवली आणि बासुंदी हिंदकळत परत गेली. मी तेव्हा मनातून रडत होतो. मावाबाटी ही काही तत्त्वासाठी सोडायची गोष्ट नाही असं माझं मत होतं, अजून आहे. बाबा घरात आले. आईनं त्यांच्यापुढे बशी ठेवली. बशीत चिकू होता, उतरलेला, त्याच बंगल्याच्या बागेतला. बाबांनी तो सावकाश खाल्ला आणि काळीभोर बी तळहातावर घेऊन बघितली, खूप प्रेमानं. मला इतकंच दिसत होतं की एकाच घरून दोन गोष्टी आल्या होत्या आणि त्यांतली एक गाडीतून आली म्हणून परत गेली.

मग मिल बंद झाली. झाली म्हणजे एका सकाळी गेट उघडलं नाही आणि सगळे ते उघडेल म्हणून बाहेर उभे राहिले. काही जण अजून उभे आहेत, फक्त चहाच्या टपरीवर. भोंगा गेला. हौद आटला. बंगला पडला, बाग गेली, तिथं आता पत्र्याचं कुंपण आहे आणि त्यावर काहीतरी भव्य होणार असल्याचं चित्र. वाघळं गेली नाहीत. झाडं होती तोवर त्यांना लिक्विडेशन म्हणजे काय ते कळायचं कारण नव्हतं. फक्त त्यांचा रस्ता लांबला. नव्या कॉलन्या झाल्या, नव्या लोकांनी नव्या बागा लावल्या, आणि उदारीकरण आमच्या चाळीत पोचलं ते वाघळांच्या तोंडातून. “दीप, अंजीर आलंय,” बाबा एकदा म्हणाले, “विजयनगरकडं कोणीतरी अंजीर लावलंय.” एकदा असा पेरू उतरला की आतून लालबुंद, बाबांनी तो शेजारच्या हरीकाकांना बोलावून दाखवला. हरीकाका पूर्वी बाबांच्या खात्यात होते, आता ऑटो चालवतात. दोघं त्या पेरूकडे बघत बसले, जसं परदेशातून कुणाचं पत्र यावं. मला वाटायचं, जगात काय चाललंय ते मला पेपरातून कळतं आणि बाबांना झाडाखालून, आणि बाबांना थोडं आधी कळतं.

आई गेली तेव्हापासून पहाटे झाडू बाबाच घेतात. फळ आणतात, विळीवर धरतात, आईपेक्षा जाड कापतात, आणि माझा वाटा बशीत झाकून ठेवतात. मी तो खात नाही. या नोकरीत लागलो आणि जंतूंचं इतकं बोललो की ते मला दिसायला लागले. बाबांना मी ॲसिडिटी सांगितली आहे. ते दुसऱ्या दिवशी माझा वाटा स्वतः खातात आणि नवा झाकून ठेवतात. म्हणजे ‘बहुतेक’चे दोन्ही वाटे बाबांच्याच पोटात जात होते. गर्दी सुटली, मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला, आणि मला एकदम घरी पोचायची घाई झाली.

बाबा दाराबाहेर खाटेवर बसले होते, दुपारच्या उन्हात, अंगावर घोंगडी घेऊन. शेजारी स्टुलावर बशी, तिच्यावर बशी.

“खाल्लं का आज?” मी विचारलं.

“दवा खाल्ली ना. ती कडू गोळी.”

“दवा नाही. हे.”

“थोडं. तोंडाला चव नाही. तुझं ठेवलंय.”

मी बसलो. आणि मला दुसरं काही बोलताच येईना म्हणून मी मशीन विकताना बोलतो तसं बोलायला लागलो: बाबा, दिसायला साफ असलेल्या गोष्टीतसुद्धा डोळ्यांना न दिसणारे, असं. चेहरा गंभीर केला. मलेशिया सांगितलं. डुकरं गाळली, त्यांच्या जागी ‘काही लोक’ म्हणालो. बाबा शांतपणे ऐकत होते, एखाद्या पोराचं भाषण ऐकावं तसे.

“झालं?” ते म्हणाले. “तुझी आई सांगत होती.”

“आई काय सांगत होती?”

“की आज दोन पाळ्या कर म्हणून. सुताचा पिंजरा खाली आहे. हरी कुठं गेला? भोंगा झाला का रे?”

दुपारचे अडीच वाजले होते. त्यांचे डोळे माझ्याकडेच होते आणि मी त्यांत नव्हतो. मी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला.

हरीकाकांच्या ऑटोत बाबा माझ्या खांद्यावर डोकं टाकून होते आणि काका पुढून ओरडत होते, “चांगदेव भिया, सोना मत! बोलते रहो! दीप, त्यांना बोलतं ठेव!” काय बोलतं ठेवणार? मी एकच वाक्य जुळवत होतो. डॉक्टर साहेब, हे वाघळांचं. मराठीत जुळत नव्हतं म्हणून हिंदीत करून बघितलं, चमगादड़ का, आणि तिथंच तो पुढचा शब्द आला. हिंदीत त्याला दुसरा शब्दच नाही. आईचा ‘उतरलेलं’ हा शब्द हॉस्पिटलात चालणार नव्हता; तो मागच्या गल्लीपलीकडे कुणाला येतच नव्हता.

सरकारी हॉस्पिटल. मोठा वॉर्ड, सलाइन, ओल्या फडक्याची पट्टी. तासाभरात ताप जरा उतरला आणि बाबा परत बाबा झाले, म्हणजे खाटेची चादर नीट नाही म्हणून कुरकुर करू लागले. डॉक्टर तरुण होता, थकलेला. “बुखार कब से? उल्टी? बाहर का कुछ खाया, बाबूजी? कटा हुआ, बासी, किसी का जूठा?”

“जूठा?” बाबा म्हणाले.

सलाइनचा हात असतानाही ते उठून बसले. “डॉक्टर साहब, हम किसी का जूठा नहीं खाते. मेरे बाप ने नहीं खाया, मैंने नहीं खाया.” आवाज करघ्यांवर चढवलेला. आजूबाजूच्या खाटा वळल्या. “अरे, नाराज़ मत होइए, पूछना पड़ता है,” डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. बाबा खोटं बोलत नव्हते, हेच अवघड होतं. त्यांना कुणी मारून टाकलं असतं तरी त्यांच्या हिशेबी ते खरंच होतं. मी तोंड उघडलं तर ते जगण्याची शक्यता वाढत होती, थोडी, किती ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं. आणि उघडलं तर एवढ्या लोकांसमोर मी त्यांना चालत मागं, महूच्याही मागं, त्या टोपलीपाशी नेऊन बसवणार होतो. पोळीवरचे दात मला दिसले, मी कधी न बघितलेले. डॉक्टरनं पेनचं टोपण लावलं.

“सर, मैं खाता हूँ,” मी म्हणालो.

“क्या?”

“जूठा. चमगादड़ का. पेड़ के नीचे जो फल गिरता है, वो.”

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी हसलं. डॉक्टरनं मला टायपासून बुटापर्यंत बघितलं. “आप?”

“आदत है सर. बचपन से. घर में जो मेरी थाली में, वही इनकी थाली में. इनको मालूम नहीं रहता.”

“करते क्या हैं आप?”

“वॉटर प्यूरिफायर बेचता हूँ.”

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. तो मोठ्या डॉक्टरांना विचारून आला, आणि मग भराभर गोष्टी झाल्या: बाबांची खाट कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत, रक्त तपासायला, आणि “आपका भी लेंगे.” मला शेजारच्या खाटेवर बसवलं. मला काहीही झालेलं नव्हतं आणि मी आयुष्यात इतका आजारी कधी दिसलो नव्हतो. सिस्टर केरळकडची होती, ट्रे घेऊन आली, बाही वर करायला सांगितली. मी केली. बाबा छताकडे बघत होते.

“कधी खाल्लंस तू?” ते म्हणाले.

“खातो मी. तुम्ही झोपल्यावर.”

“काय खाल्लंस?”

“रामफळ.”

“रामफळ उन्हाळ्यात येतं, दीप.”

सिस्टरनं माझ्या दंडाला रबराची पट्टी बांधली. स्पिरिटचा थंड बोळा. मी मूठ वळली आणि भिंतीकडे बघितलं, आणि मागून बाबांचा आवाज आला, लहान, करघ्यांच्या खालचा, मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

“सिस्टर. इसको छोड़ दो. इसने नहीं खाया. मैंने खाया है.”

तिनं सुई थांबवली. “क्या खाया बाबूजी?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. “जूठा,” ते म्हणाले. मग श्वास घेतला. “चमगादड़ का. आदमी का नहीं. लिखो.”

“लिखती हूँ. चमगादड़ का.”

“आदमी का नहीं. वो भी लिखो.”

“वो कहाँ लिखूँ बाबूजी? उसकी जगह नहीं है.”

“बाजू में लिखो.”

तिनं लिहिलं. दोन दिवसांनी रक्तात साधा मलेरिया निघाला आणि ती ओळ कुणाच्या काही कामाची राहिली नाही; पण त्या दुपारी बाबा मान उचलून तिच्या पेनाकडे बघत होते, अक्षर अन् अक्षर, ती खरंच लिहितेय ना म्हणून. तिनं पेन उचललं तेव्हा त्यांनी डोकं उशीवर टेकलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, “बाही खाली कर आता. चुरगळेल.”